सॉलीकाकांचे सोळा टॅपेट

रवि. १९ ऑगस्ट २००७

गाडी आली एकदाची. आली म्हणजे सांगाडा आला, ट्रेलरवरून. मागून निखिलच्या गाडीत इंजिनाची खोकी. सॉलीकाकांचं भाड्याचं गराज कौन्सिल पाडतेय आणि त्यांच्या फ्लॅटला गराज नाही. "ठेवायला जागा देते" असं मी म्हटलं होतं. सॉ.का. उतरले तेच बॉयलर सूट घालून. तेव्हाच कळलं की हे नुसतं ठेवणं नाही.

निखिलची गाडी आता बाहेर, थंडी आली की रोज सकाळी काचेवरचा बर्फ खरवडायचा. चेहरा बघण्यासारखा. नवरा चांगला आहे पण.

आई (म्हणजे सासूबाई, भारतातून सहा महिन्यांसाठी इकडे मिल्टन कीन्सला आल्यात) दारातून म्हणाल्या, "हे भंगार कोणाचं गं?"

"माझंच, ताई," सॉ.का. म्हणाले.

आई अशा काही दचकल्या! सॉलोमन नाव ऐकून त्यांना वाटलं होतं, मराठी कुठलं यायला. मग नेहमीची चौकशी. आडनाव? थळकर. अलिबागजवळचं थळ? तेच. "आम्ही ज्यू, ताई. आमचे लोक तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद. गाव म्हणायचं शनिवार तेली." अजूनही शनिवारी पान्याला हात लावत नाहीत. म्हणजे आमचा वार रविवार.

एप्रिलमध्ये हार्डवेअरच्या दुकानात मी फोनवर निखिलवर डाफरत होते, तेव्हा मागून आवाज आला होता, "हळू घे गो, पोरी." ती ओळख. एवढ्यात गाडीपर्यंत मजल.

रवि. २ सप्टें.

आईंना आज सॉ.का.नी समजावलं, हॉट रॉड म्हणजे काय. "म्हाताऱ्या गाडीच्या पोटात दांडगं इंजिन, बस." गाडी त्रेपन्न सालची इंग्लिश, उभट, ट्रंकेसारखी. इंजिन अमेरिकन, आठ सिलिंडरचं, व्ही-एट. चाळिशीत बांधली, बायकोला घेऊन समुद्रापर्यंत जायचे. ती गेल्यावर गाडी उभी राहिली ती राहिलीच.

इंजिन उघडलं. मी पुण्यात मेकॅनिकल इंजिनीअरिंग केलं, आणि नोकरीत मला ड्रॉइंगच्या टेबलाशी बसवलं, कारण शॉप फ्लोअरवर मुली नकोत. मग सॉफ्टवेअर. इतक्या वर्षांनी आज नखांत ग्रीस. साबणाने जात नाही. जाऊ नये असंच वाटतंय.

रवि. १६ सप्टें.

बोल्ट समोर पडलेला आणि सॉ.का. बाजूला चाचपतायत. तीनदा झालं. चौथ्यांदा मी विचारलं.

डाव्या डोळ्यात मधोमध डाग. उजव्यात सुरू होतोय. जानेवारीत आय क्लिनिक, तिथे सांगतील गाडी चालवायची की नाही.

"मला ही एकदा स्वतः चालवायचीय, मुली. बाजूला बसून नाही."

म्हणजे वेळ जानेवारीपर्यंतच. हे त्यांनी ऑगस्टमध्ये का नाही सांगितलं? राग आला. मग वाटलं, सांगितलं असतं तर मी घाबरून नाही म्हटलं असतं.

रवि. ७ ऑक्टो.

डोळ्यांचं कळल्यापासून एक नियम, माझा. कामाआधी सॉ.का.नी समोरच्या फुटपाथवर उभं राहून निखिलची नंबर प्लेट वाचायची. इथे गाडी चालवायची तर वीस मीटरवरून प्लेट वाचता यायला हवी, ते अंतर निखिलने टेपने मोजून दिलंय. तीन रविवार फाडफाड वाचली. आज लक्षात आलं की पाठ झालीय! लबाड म्हातारा. आता शेजाऱ्यांच्या गाड्या, माझ्या मर्जीने. वाचल्या. एका "बी"वर अडले, पण वाचल्या.

शनि. २० ऑक्टो.

खंडेनवमी. आईंना म्हटलं, तुम्ही पूजेचं बघा, आम्ही क्रॉयडनला व्हिसाच्या कामासाठी आलेल्या मित्राकडे जाऊन येतो. ट्रेन, मग ट्रॅम, जीव गेला. घरी आलो तर आई झोपलेल्या.

उद्या टॅपेट बसवायचे. सोळा आहेत, इंजिनाच्या झडपा उघडणारी बोटाएवढी लोखंडी नळकांडी. प्रत्येक आपापल्या जागी घासून बसलेलं असतं, एकाचं दुसरीकडे चालत नाही. म्हणून सॉ.का.नी अंड्यांच्या खोक्यांत ओळीने ठेवलेत, प्रत्येक खळग्यावर नंबर.

रवि. २१ ऑक्टो. दसरा

काय लिहू.

आईंनी सगळी हत्यारं धुतली. पाने, जॅक, स्क्रू ड्रायव्हर. आणि टॅपेट. "अंड्यांच्या खोक्यात पूजा कशी करायची गं?" म्हणून बाहेर काढले, चिंच-मीठ लावून घासले आणि तबकात गोल मांडले. मधे शेवंतीचं फूल. प्रत्येकाला हळदकुंकू. इतकं सुंदर दिसत होतं की मला किंचाळता पण येईना. खोकी रिसायकलिंगच्या डब्यात.

नंबर गेले. आरशासारख्या घासायच्या बाजूवर चिंचेचे काळे डाग. टॅपेट गेले, आणि ते ज्या दांड्यावर चालतात त्या जुन्या कॅमशाफ्टवर नवे चालत नाहीत, म्हणजे तोही आता नवाच लागणार.

सॉ.का. आले. एकेक टॅपेट उचलून अंगठ्याने बघितलं. सोळाही. आई कौतुकाची वाट बघत उभ्या. मी तोंड उघडलं तर त्यांनी माझ्या हातावर थोपटलं.

"पूजा छान झाली, ताई."

बाहेर ड्राइव्हवेवर मला म्हणाले, "अमेरिकेहून मागवायला लागेल. पाच-सहा आठवडे. बघू." आवाज बारीक झाला होता. मी त्यांना सोन्याचं पान द्यायचं विसरले.

सोम. २२ ऑक्टो.

निखिलने आईंना सांगितलं. मी सांगणार नव्हते, मी सांगितलं असतं तर कडू बोलले असते. आई जेवल्या नाहीत. मला म्हणाल्या, "मी तुझी हत्यारं म्हणून केलं गं. पुण्यात तुला कोणी हात लावू दिला नाही म्हणतेस ना, म्हणून मुद्दाम नीट केलं."

दोघीही रडलो. ऑर्डर गेली.

रवि. ४ नोव्हें.

काम नाही, तरी सॉ.का. आले. प्लेट वाचली, दुसऱ्या प्रयत्नात.

आईंनी कॉफी पुढे ठेवली आणि सरळ विचारलं, "तुमच्याकडे असं काही बिघडलं तर काय करतात?"

"आमची आई मलिदा मानायची. काम पार पडू दे, मलिदा करीन म्हणून. एलियाहू नबीच्या नावाने."

"काय लागतं?"

पोहे, नारळ, साखर, वेलची, फळं. आई पेटल्याच. "एवढंच? मग मानते मी." सॉ.का. इतके हसले की चष्मा काढून पुसायला लागले. मग तासभर दोघं पोहे जाड की पातळ यावर वाद घालत बसले. सॉ.का.ना इतकं मराठी बोलताना मी पहिल्यांदा बघितलं. त्यांचा मुलगा मँचेस्टरला असतो, त्याच्याशी इंग्लिशच.

रवि. २ डिसें.

पार्सल शुक्रवारी आलं. आज टॅपेट बसले. आईंनी गराजच्या दारातून बघितलं, उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. शेवटच्या टॅपेटला मीच त्यांना ओढून आत आणलं आणि तो तेलात बुडवून त्यांच्या हातात दिला. "टाका, आई." सरळ बसवला. नव्या खोक्यांवर त्यांनी मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, हात लावू नये.

रवि. ९ डिसें.

सुरू झाली!!

नवा कॅमशाफ्ट असला की पहिल्यांदा सुरू केल्यावर वीस मिनिटं बंद करायचं नाही, ॲक्सिलरेटर वर धरूनच ठेवायचा, नाहीतर तो खराब होतो. काय तो आवाज. अख्खा क्लोज, म्हणजे आमची गल्ली, बाहेर आला. समोरची मार्गरेट ड्रेसिंग गाऊनमध्ये, मला वाटलं आता कम्प्लेंट. ती ओरडली, "इज दॅट अ व्ही-एट?" आणि खुर्ची घेऊन आली.

ॲक्सिलरेटर माझ्या हातात. सॉ.का. इंजिनाकडे कान लावून, डोळे मिटून. आई तुपाच्या डब्यासारखं घट्ट काहीतरी पोटाशी धरून उभ्या, नंतर कळलं तो फायर एक्स्टिंग्विशर. वीस मिनिटं झाली तेव्हा मी बंद करायचंच विसरले.

मलिदा केला. पातळ पोह्यांचा. आईंनी ऐकलं त्यांचं.

मंगळ. १८ डिसें.

एमओटीत, म्हणजे गाडीच्या वार्षिक सरकारी तपासणीत, पास! ब्रेक, दिवे, सगळं. हॉर्न किरकिरतो म्हणाला तपासणारा, पण पास.

संध्याकाळी सॉ.का.ना फोन केला. सर्टिफिकेट माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाले, "रविवारी."

रवि. २३ डिसें.

धुकं. सॉ.का. फुटपाथवर उभे राहिले. पहिली प्लेट नाही वाचता आली. दुसरी नाही. तिसरीची दोन अक्षरं.

"धुकं आहे," मी म्हटलं.

"हो, धुकं आहे."

मला मार्गरेटची प्लेट दिसत होती. त्यांना ते विचारायचं नव्हतं आणि मला सांगायचं नव्हतं. खिशातून किल्ली काढून माझ्या हातात दिली. "रस्त्यावर तू घे."

जुन्या एअरफील्डवर त्यांच्या हॉट रॉड क्लबची धावपट्टी आहे, खाजगी जागा, रस्त्याचे नियम तिथे लागत नाहीत. तिथवर मीच. मिल्टन कीन्समध्ये सरळ जायचं म्हणजे दर अर्ध्या मैलाला राउंडअबाउट, आणि हे इंजिन प्रत्येक राउंडअबाउटला अंगावर येतं. तीनदा बंद पडली. मागचा हॉर्न वाजवतोय, बाजूला सॉ.का. दोन्ही हात मांडीखाली घालून बसलेले. किती कठीण गेलं असेल.

पट्टीवर कोणी नव्हतं. जागा बदलल्या. मी बाजूला. "कडेला गेलो तर सांग फक्त."

पहिल्या फेरीत मी अखंड बोलत होते. थोडं उजवीकडे, सरळ, आता वळण, काका ब्रेक! दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीला म्हणाले, "आता गप्प बस गो." गप्प बसले. त्यांनी गिअर टाकला, तो लागलेलाही कळला नाही, आणि पाठ सीटला चिकटली. पट्टीच्या मधोमध, रेष आखल्यासारखी गेली गाडी. तोंडाने काहीतरी पुटपुटत होते, बहुतेक बायकोशी. मला रडू आलं आणि मी आवरलं नाही, इंजिनात कोणाला ऐकू जाणार होतं.

पाच फेऱ्या. मग स्वतःच थांबवली, हँडब्रेक ओढला, उतरून माझ्या बाजूचं दार उघडलं.

परत येताना धुकं साफ निघालं होतं. समोर एक व्हॅन, प्लेट लख्ख. मी विचारलं नाही. ते खिडकीतून बाहेरच बघत होते. क्लिनिक आठ जानेवारीला आहे, मी सुट्टी टाकलीय.

घराच्या वळणावर म्हणाले, "दुसरा गिअर तू फार घाबरत टाकतेस. नऊ तारखेपासून रोज तासभर बसणार मी तुझ्याबरोबर. काहीही सांगोत ते क्लिनिकवाले."