झांजीबारहून खुशाली

झांजीबार, माघ वद्य पंचमी, शके १८२३

प्रिय भिवाजी,

मी सुखरूप पोचलो. आगबोटीतून उतरलेल्यानं घरी तेवढं कळवायचं, अशी इथल्या पेढीवरची रीत आहे. काल मुनीमजींनी सगळ्यांपुढे कागद ठेवले. माझ्यापुढेही ठेवला आणि विचारलं, घरी कोण कोण असतं? मी टाक शाईत बुडवला. मग तुझं नाव लिहिलं.

शहर तुला आवडलं असतं. बोट बंदराला लागायच्या आधीच लवंगांचा वास येतो. आपण अंगणात मिरच्या घालतो तशा इथे चटया पसरून लवंगा वाळवतात. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून लादलेलं गाढव आलं तर भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागतं, दारं मात्र हत्ती जाईल एवढी, कोरीव, वर पितळी खिळे. दुकानात गुजराती ऐकू येते, रस्त्यावर स्वाहिली. कॉफीवाला वाट्या वाजवत फिरतो. ती कॉफी इतकी कडू की पहिल्या घोटाला मी तोंड फिरवलं. आता दिवसातून तीनदा पितो.

शेठनं मला तांदळाचे नमुने दाखवायला पाठवलंय. गिऱ्हाईक मूठ पुढे करतं, मी दाणा दाताखाली फोडून जुना की नवा ते सांगतो. ही पारख मी मुंबईला मशीद बंदरच्या वखारीत तुझ्याशेजारी बसून शिकलो, आपण एका गावचे दोस्त. काल एका पोत्यात कर्जतकडचा तांदूळ निघाला. वास घेतला आणि आपल्या कडावचं खळं डोळ्यांपुढे आलं. माझ्या लग्नानंतरची पहिली सुगी. सुंदरा सूप उंच धरून वारवत होती, तू बैल फिरवत होतास. तिच्या बापानं दिलेलं चांदीचं कडं माझ्या मनगटात होतं आणि तू त्यावरून माझी चेष्टा करत होतास.

प्लेगच्या साली मुंबईत आपल्या खोलीवर माझ्या काखेत गाठ आली. दोन दिवस तू उशाशी बसलास, तेवढं मी नाकारत नाही. तिसऱ्या दिवशी मी पाणी मागितलं. “आणतो रं, पड तू,” म्हणालास आणि मनगटातलं कडं काढू लागलास. तापानं मला बोलता येत नव्हतं, पण डोळे उघडे होते. तू वर पाहिलंस. आपली नजरानजर झाली, भिवाजी. मग दाराला बाहेरून कडी घातल्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी तपासणीवाल्यांनी दार फोडलं, म्हणून मी इस्पितळात पोचलो.

चैत्रात अंगात चालण्याइतकं बळ आलं, तसा कर्जतला उतरून पायी गावाकडे निघालो. वाटेत आपल्या गावची ठमी भेटली, डोक्यावर मोळी. मला पाहून मोळी टाकून पळाली, आणि लांबून हात जोडून म्हणाली, “तुजं तेरावं जेवलो रं आमी.” तिच्याकडूनच कळलं. तू कडं दाखवलंस, माझी चिता पेटलेली पाहिल्याचं सांगितलंस, रडलास, आणि पंधरा दिवसांपूर्वी सुंदराशी पाट लावलास. ओढ्यावर ती धुणं धुताना मला दिसली. गळ्यात नवी काळी पोत होती. मी पुढे झालो असतो तर गावानं तिलाच नावं ठेवली असती, दोन जित्या नवऱ्यांची बाई म्हणून. ठमीला शपथ घालून मी आल्या वाटेनं मुंबईला गेलो.

तुला वाचता येत नाही, म्हणून हे पाकीट शाळेच्या मास्तरांच्या नावे धाडतो आहे. त्यांना वेगळ्या चिठ्ठीत विनवलंय, चार पंच भिवाजीच्या ओटीवर बोलवा, सुंदराला माजघराच्या दाराशी बसवा आणि मगच वाचा. म्हणजे ती ऐकत असेल. सुंदरा, तुझ्याकडे माझं काही मागणं नाही. तुला फसवलं गेलं, तुझा यात काडीचा दोष नाही. जायचं की राहायचं ते तुझं तू ठरव. भिवाजी, कोयता घेऊन तुझ्या दारात यायचा विचार मी पाच वर्षं केला. आता येणार नाही. शेठ मला इथल्या पेढीवरच ठेवतोय. मास्तर कागदाची घडी करतील, पंच उठून जातील. ती राहिलीच, तर सांजेला ताट वाढेल की नाही मला ठाऊक नाही. पण ती घरात आहे तोवर रोज तिच्यासमोर तुलाच बसायचं आहे. त्यासाठी हे पत्र.

तुझाच, अजून जिवंत,
चांगो