उलट्या ठेवलेल्या बारा डब्या

अण्णा, तुमचे रंग वाळलेले नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण प्रस्तावनेचा तुम्हाला कंटाळा. माझी पत्रं तुम्ही शेवटच्या ओळीपासून वाचायला घ्यायचात आणि वरचा मजकूर संस्कृतचा तास समजून सोडून द्यायचात.

संत तुकाराम नगरचं घर आम्ही रिकामं करतोय. चऱ्होलीत सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतलाय. जिथे तुम्ही सायकल मारत हुरडा खायला जायचात, तिथेच कुठेतरी, पण हवेत, आता माझं स्वयंपाकघर असेल. रविवारी माळा उपसला तर वह्यांच्या गठ्ठ्यामागे तुमचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला. आत बारा डब्या, हिंगाच्या डबीहून लहान, सगळ्या डोक्यावर उभ्या. वर आलेल्या बुडांवर कागदाचे कपटे, त्यांवर तुमचं अक्षर: पागोटे, चामडे, तोफेचा काळा, डोळे पांढरे. आणि फडक्यात गुंडाळलेला तो वीतभर तोफवाला. पागोटं, मिशी, कमरेची तलवार, सगळं जागच्या जागी. फक्त डोळे नाहीत.

तुमची नात शेजारीच बसली होती. तुम्ही गेलात तेव्हा ती पहिलीत होती. आता चाकणला एका कंपनीच्या पेंट शॉपमध्ये क्वालिटी बघते. रक्त तुमचंच, माझ्या संस्कृतकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

"आई, किती जुने आहेत हे?"

"मी नववीत होते तेव्हाचे."

"मग फेक. आमच्याकडे उघडलेला ड्रम सहा महिन्यांत स्क्रॅप करतात."

"आजोबांचे आहेत गं."

"आजोबांचे असले म्हणून केमिस्ट्री थांबते होय?"

डब्या घरी आल्या ते दिवस मला चांगले आठवतात. तुमच्या कंपनीत मशिन बसवायला एक परदेशी साहेब आला होता. त्याला तुम्ही दिवाळीच्या किल्ल्यावरचा एक मावळा दिलात, स्वतः रंगवलेला. पुढच्या खेपेला तो या बारा डब्या घेऊन आला. त्याच्या देशात मोठी माणसं सुटीत बसून इवलेइवले सैनिक रंगवतात, हे ऐकून आईने तुमच्याकडे असं पाहिलं, जणू असा माणूस जगात एकच आहे हा तिचा आधारच गेला. आळंदीच्या कुंभाराकडून तुम्ही कोरे मावळे आणायचात, कारण बाजारातल्या रंगवलेल्या फौजेत सगळ्यांना एकच मिशी असते. दिवसभर गाड्यांना फवाऱ्याने रंग द्यायचा आणि घरी येऊन तीन केसांच्या कुंचल्याने भुवया काढायच्या. आणि डोळे सगळ्यांत शेवटी, वसुबारसेच्या सकाळी, अंघोळ करून. त्याआधी एकाही मावळ्याला काही दिसता कामा नये, असा तुमचा नियम.

मी नीटनेटकी मुलगी. एकदा साफसफाई करताना त्या उलट्या डब्या मी सुलट करून ठेवल्या. तुम्ही सेकंड शिफ्टला निघाला होतात, डबा उघडलात आणि एक पाय चपलेत तसाच थांबलात.

"उलट्या काय मी गंमत म्हणून ठेवल्यात व्हय गं? हवेला आत शिरायला फट लागती. फटीवर रंगच बसवून ठेवला, तर शिरंल कुठनं?" मग एक डबी हातात घेऊन झाकणाच्या काठावर नख फिरवलंत. "आन् तोंड पुसल्याबिगर झाकण लावायचं न्हाई. काठावर वाळला की फट ऱ्हाती. रंग मरतो तो आपल्या आळसानं, वयानं न्हाई."

शिफ्टला दहा मिनिटं उशीर झाला त्या दिवशी, पण बाराच्या बारा उलट्या करूनच गेलात.

आता ते, ज्यासाठी लिहायला बसले. निवृत्तीच्या वर्षी वसुबारसेला तुम्ही दवाखान्यात होतात, म्हणून तोफवाल्याचे डोळे राहिले. डावी बाजू गेली, उजवा हात शाबूत होता. डबा मी माळ्यावर टाकला. पुढच्या दिवाळीआधी तुम्ही गॅलरीतल्या खुर्चीतून म्हणालात, "तेवढा डबा काढ गं. तोफवाल्याचं डोळं ऱ्हायल्यात." मी सहामाहीचे पेपर तपासत होते. म्हणाले, "अण्णा, ते रंग दगड झालेत."

"बघितलंस उघडून?"

"हो."

"समदे?"

"सगळे."

तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत, आपल्या उजव्या हाताकडे पाहिलंत. "मग माझंच तोंड पुसायचं ऱ्हायलं असणार," म्हणालात. "ऱ्हाऊ दे." पुन्हा कधी विषय काढला नाहीत. त्याच्या पुढची दिवाळी तुम्ही पाहिली नाहीत.

मी बघितलं नव्हतं, अण्णा. स्टूल शेजारणीकडे होतं. तेवढंच कारण.

परवा नातीने चमच्याच्या दांड्याने 'डोळे पांढरे' उघडली. झाकण सुटताना अगदी हलका आवाज आला, कुणी श्वास सोडावा तसा. वर मधासारखं तेल, आणि रंगाचा सगळा गाळ झाकणाला धरून बसलेला. तिने काडीने तो आत लोटला आणि ढवळत राहिली. पाच मिनिटं काहीच नाही. मग तळातून एक पांढरी रेघ वर आली, वळली, दुसरी आली, आणि बघता बघता डबीभर दूध. टर्पेंटाइनचा वास सुटला आणि तुम्ही कामावरून आलात असं वाटून मी दाराकडे पाहिलं. आमच्या संस्कृत पंडितांच्या शास्त्रात जे जे केलेलं ते ते नाश पावणारं, आणि उदाहरणाला कायम मातीचा घट. पंचवीस वर्षं मुलांना तो घट फोडून दाखवतेय. त्या पंडितांपुढे ही डबी कुणी ठेवलीच नाही.

नातीने काडी पुसून बाजूला ठेवली. मग एकेक डबी उघडत, प्रत्येकीचा काठ उजेडात फिरवून बघत गेली. तिच्या कंपनीत ती असंच बघत असणार.

"आई, एकाही काठावर थेंब नाही. बाराच्या बारा साफ. हे कुणी पुसलंय?"

पुसलं कुणी, ते तिला सांगितलं. तुम्ही दोष स्वतःवर घेतलात, ते मात्र सांगितलं नाही.

डोळे मी काढले. अंघोळ करून, भर दुपारी, वसुबारस नसताना. उजवा बरा जमला. डावा जरा मोठा झालाय, त्यामुळे तोफवाला काहीतरी अचाट बघितल्यासारखा दिसतो. तसा तो तरी काय चुकीचा दिसतोय? नंतर डब्यांची तोंडं पुसली, झाकणं दाबली, सगळ्या उलट्या ठेवल्या. हा कागदही त्यांच्याखाली घडी करून ठेवतेय. चऱ्होलीला डब्यासोबत जाईल.

एवढं मात्र राहिलं. नात पहिलं झाकण उचकटत होती, तेव्हा मी मनात म्हणत होते, रंग वाळलेला निघू दे. बारातली निदान एक तरी. प्रत्येक डबीला म्हटलं.