लाटसाहेबांची खोली

दि. ४, मंगळवार

चि. सुईवालीस आजीचे पोटभर आशीर्वाद.

मी खुशाल, आजोबा खुशाल, आणि लाटसाहेबांचं तर विचारूच नकोस. तुझा मामा सहा महिन्यांसाठी जहाजावर गेला आणि त्याचा हस्की कुत्रा माझ्या गळ्यात पडला. काय देखणं ध्यान आहे गं! निळे डोळे, अंगावर चार रजयांची लोकर. फोनची वायर त्यानेच फस्त केली, म्हणून हे पत्र. अक्षराला हसू नकोस, मी दुसरीपर्यंतच टिकले.

त्याला उकाडा सोसत नाही. मामाने जाताना एसी बसवला, अठरावर ठेव म्हणाला. तो आजोबांच्या खोलीत. पडल्यापासून ते अंथरुणालाच खिळलेत, त्यांनाही सोबत झाली. खिडक्या बंद ठेवते, फरशीवर दोनदा पाणी मारते, मी आपली स्वेटर घालून ये-जा करते. रजईला केस चिकटून आजोबा खोकायचे, म्हणून सगळ्या रजया ट्रंकेत टाकल्या. जरा कुडकुडतात, कुरकुरतात. मी म्हटलं, मुक्या जनावरापेक्षा तुमचेच लाड जास्त. होईल सवय.

लोभ वाढू दे, जरा तुझी तब्येतही वाढू दे.

तुझी आजी

दि. ७, शुक्रवार

ती. आजीस नातीचा वाकून नमस्कार.

लाटसाहेबांना माझा पापा दे, पण आजोबांवर रजई घाल, आजच. कुत्र्याच्या अंगावर लोकर आहे, आजोबांच्या अंगावर हाडं तेवढी उरलीत. त्यांना दुसऱ्या खोलीत हलव. आणि मला नीट कळव, अजून कुडकुडतात का, बोलणं सरळ आहे का, हातपाय गार लागतात का. वॉर्डातल्या ड्यूटीतून सुट्टी मिळत नाही, नाहीतर मीच आले असते.

रागावले नाही गं. लोभ आहेच, काळजीही आहे.

तुझी सुईवाली

दि. ११, मंगळवार

चि. सुईवालीस खूप खूप आशीर्वाद.

तुझं पत्र लावून लावून वाचायला दोन दिवस गेले. तुमच्या दवाखान्याची गाडी इकडे आलीय, ड्रायव्हर घाई करतोय, त्याच्याच हाती हे देते.

अगं, घाबरतेस काय? कुडकुडणं कालपासून साफ थांबलं! आता कुरकुरही नाही. रजई घालायला गेले तर ढकलूनच दिली, म्हणाले, उकडतंय. मी हसून हसून बेजार! मला आई म्हणून हाक मारतात, म्हातारपणी लाडात आलेत. बाळासारखे झोपलेत, हलवून कशाला मोडू झोप?

लाटसाहेबांचं मात्र बिनसलंय. गार फरशी सोडून आजोबांना चिकटून पडतात, त्यांचे पाय चाटतात, जेवणाला शिवत नाहीत. ओढायला गेले तर माझ्यावर गुरगुरले, पहिल्यांदाच. उकडत असेल बिचाऱ्याला. म्हणून एसी सोळावर आणला.

माया आहे तशीच राहू दे.

तुझी आजी

दि. ११, दुपार

आजी,

तू वाचत बसू नकोस. गाडी तशीच परत पाठवतेय, ड्रायव्हरकाका मोठ्याने वाचतील, तोवर एसी बंद कर, खिडक्या उघड, रजया काढ. ती सवय नव्हे गं. ते आतून गारठलेत, अंगात कुडकुडायचंही बळ उरलेलं नाही. हातपाय चोळू नका, उठवून बसवू नका, आडवंच उचलून गाडीत ठेवा.

लाटसाहेबांना ओढू नकोस. त्यांनाही गाडीत चढू दे, आजोबांच्या कुशीला. कालपासून त्यांना ऊब देतंय ते तेवढं एकच अंग.

डॉक्टरांना थांबवून मी दवाखान्याच्या दारात उभी आहे. नमस्कार, लोभ, सगळं नंतर. निघा.