किमान तीन सेकंद

३ मार्च, सोमवार. सकाळी ६.४०

आजपासून रोजनिशी. रोज, न चुकता. कोणाला दाखवायची नाही. दाखवावी अशा लायकीचं कोणी आसपास नाही.

बस कंपनीत सुरक्षा अधिकारी होऊन आज बरोबर एक वर्ष. एकशे चौदा बसेस, दोनशे सहा ड्रायव्हर, आणि डोकं वापरणारा एकटा मी.

शनिवारी पुन्हा धडक. सात नंबरच्या बसने पुढच्या मोटारीला मागून ठोकलं. ड्रायव्हर मामा. (सगळा डेपो त्याला मामा म्हणतो. मी तोंडाने म्हणत नाही. इथे सोयीसाठी लिहितो.) सव्वीस वर्षांत एकही अपघात नाही म्हणे. म्हणजे सव्वीस वर्षं सापडला नाही. येत्या एकतीस तारखेला रिटायर होतोय. शेवटच्या दिवसापर्यंत स्टिअरिंगवर बसायचं, एवढीच त्याची इच्छा आहे, असं युनियनवाला सांगत आला होता. मी त्याला म्हटलं, इच्छा इच्छेच्या जागी, चौकशी चौकशीच्या जागी.

संकल्प: आवाज न चढवता अपमान करायला शिकणे.

४ मार्च, मंगळवार

नवा फॉर्म तयार केला. मागून धडक देणारा प्रत्येक ड्रायव्हर त्याच पाच सबबी सांगतो. ऐकून कान किटले. म्हणून पाचही छापून टाकल्या. एक, पुढच्याने अचानक ब्रेक मारला. दोन, रस्ता ओला होता. तीन, मध्येच कोणीतरी घुसलं. चार, ब्रेक नीट लागला नाही. पाच, क्षणभरच लक्ष गेलं होतं. समोर चौकोन. फक्त टिक करायची. आणि खाली ठळक अक्षरात: ‘वरीलपैकी एकही कारण ग्राह्य धरले जाणार नाही.’

टायपिस्ट बाईंनी विचारलं, एकही धरायचं नाही तर चौकोन कशाला? बाईंना टायपिंग येतं, प्रशासन येत नाही.

५ मार्च, बुधवार. सकाळी ९

बायकोला तिच्या लॅबमध्ये सोडलं. वाटेत नेहमीची कटकट. मी पुढच्या गाडीला चिकटून चालवतो म्हणे. तिला समजावलं, की तीन सेकंदांचा नियम सामान्य चालकांसाठी असतो. नियम करणाऱ्याला रिफ्लेक्सेस असतात. शिवाय अंतर सोडलं की कोणीतरी गाढव मध्ये घुसतंच. मी गाढवांना जागा देत नाही.

तिच्या बाजूला ब्रेक नसूनही ती सारखा उजवा पाय दाबत होती. पाच वर्षांत तिथल्या मॅटला भोक पडलंय. हल्ली मॅटची क्वालिटीच राहिलेली नाही.

७ मार्च, शुक्रवार

मामाची चौकशी. अकरा मिनिटांत आटोपली.

त्याने फॉर्मवर फक्त तीन नंबरला टिक केली. म्हणाला, तीन सेकंदांचं अंतर होतं, पण एक मोटार डावीकडून त्या अंतरात घुसली आणि घुसल्या घुसल्या थांबली. मी म्हटलं, खालची ओळ वाचा. त्याने चष्मा लावून वाचली, मग चष्मा काढला, मिटला आणि खिशात ठेवला. भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं, माझी तयारी होती.

निकाल: रिटायर होईपर्यंत टायर स्टोअरमध्ये. शिवाय पंधरा दिवस पिवळं जॅकेट घालायचं. जॅकेट माझीच कल्पना. पाठीवर छापलंय: ‘मी मागून धडकलो.’ शिंप्याला एकच साइझ शिवायला सांगितली. सुरक्षेत समानता हवी.

मामाने विचारलं, घरी जाताना काढून ठेवलं तर चालेल का? घरी सून असते. म्हटलं, ड्यूटी संपल्यावर काढा. मी काही राक्षस नाही.

१० मार्च, सोमवार

मोठं काम हाती घेतलं. प्रत्येक बसच्या पाठीवर सूचना. मजकूर मी स्वतः लिहिला: ‘सुरक्षित अंतर ठेवा. पुढील वाहन व आपले वाहन यांमध्ये किमान तीन सेकंदांचे अंतर असणे आवश्यक आहे. मागून धडक दिल्यास संपूर्ण जबाबदारी मागील वाहनचालकाची राहील व कोणतीही सबब ऐकून घेतली जाणार नाही. आदेशावरून, सुरक्षा अधिकारी.’ आणि त्याखाली माझं पूर्ण नाव.

पेंटर म्हणाला, एवढं बसवायचं तर अक्षर बारीक होईल, जवळ आल्याशिवाय वाचता यायचं नाही. बायकोही म्हणाली, ‘लांब राहा’ एवढं पुरे. दोघांचीही झेप तेवढीच.

टपालात कोण्या मोटारवाल्याचं पाकीट. तक्रारच असणार. फोडलं नाही. आकाराने बरं आहे, चहाचा कप ठेवायला घेतलं.

१२ मार्च, बुधवार

रिफ्लेक्सचा प्रयोग केला. बायकोने फूटपट्टी वर धरायची आणि न सांगता सोडायची, मी खालून पकडायची. जितक्या कमी इंचांत पकडू तितके रिफ्लेक्स चांगले. नऊ वेळा पट्टी जमिनीवर. दहाव्यांदा माझ्या अंगठ्यावर, तीही टोकाने. पट्टी फार गुळगुळीत आहे. मग तिने मला सोडायला सांगितली आणि पाचव्या इंचावर पकडली. बायकांच्या हाताला घरकामामुळे सवय असते.

लाकडी पट्टी आणणे.

१७ मार्च, सोमवार

पहिली सूचना रंगवून झाली. मुद्दाम सात नंबरच्या बसवर. उद्या ती रस्त्यावर निघेल. मी ऑफिसच्या जीपने मागून जाऊन पाहणी करणार. लाकडी पट्टी आणली नाही. वेळ कुठे आहे?

१८ मार्च, मंगळवार. दुपारी १२.१५, वर्कशॉप

किरकोळ प्रसंग घडला.

सकाळी बाजाररस्त्यावर सात नंबर पुढे, मी मागे. तीस मीटरवरून सूचना म्हणजे नुसता पांढरा पट्टा. पंधरावरून पहिल्या दोन ओळी. बारकावे तपासणं माझं कर्तव्य, म्हणून आणखी पुढे गेलो. तेवढ्यात बसच्या नव्या ड्रायव्हरने अचानक ब्रेक मारला. (एक बाई भाजीच्या पिशव्या घेऊन झेब्रा क्रॉसिंगवरून चालली होती. चालू देत. पण इतक्या सावकाश?) रस्ता नुकताच धुतला होता. जीपचा ब्रेक हवा तसा लागला नाही. मध्ये एक स्कूटरवाला घुसण्याच्या बेतात होता. आणि माझं लक्ष गेलं असेल तर क्षणभरच.

याला धडक म्हणत नाहीत. स्पर्श म्हणतात. जीपचं बॉनेट उभं राहिलं, रेडिएटर फुटला. बसला ओरखडा. आतल्या एका आजोबांचा चष्मा पडून फुटला, त्यावरून त्यांनी मला जे शब्द वापरले ते मी इथे लिहिणार नाही.

जीप ओढून आणली तेव्हा टायर स्टोअरच्या दारात मामा उभा होता. पिवळ्या जॅकेटात. हसला नाही. जीपकडे बघितलं आणि माझ्यासाठी पाणी आणलं. ढोंगी.

१९ मार्च, बुधवार

पुढच्या वाहनाच्या जबाबदारीवर सहा पानी टिपण लिहिलं. विषय अजून कोणी नीट हाताळलेलाच नाही. विनाकारण थांबणारा माणूस हाच खरा गुन्हेगार, हे मी मुद्देसूद मांडलंय. जनरल मॅनेजरसाहेबांना पाठवलं. त्यांनी परत पाठवलं, सोबत माझाच फॉर्म जोडून. टायपिस्ट बाईंनी विचारलं, पेन देऊ का?

बायकोने घरच्या गाडीची किल्ली स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. विचारलं तर म्हणाली, सहज.

२४ मार्च, सोमवार. संध्याकाळी

माझी चौकशी. माझ्याच परिपत्रकातलं नववं कलम: चौकशीला वीस वर्षं निर्दोष असलेला एक ड्रायव्हर बसलाच पाहिजे. हे कलम मी घातलं तेव्हा असा ड्रायव्हर आहे कुठे, अशीच माझी खात्री होती.

आत गेलो तर खुर्चीत मामा. जनरल मॅनेजरसाहेबांच्या हातात चहाच्या गोल डागाचं पाकीट. बाईंनी माझ्या टेबलावरून नेलं, मला न विचारता. बघून घेईन त्यांना. आत त्या मोटारवाल्याची चिठ्ठी होती. वळण चुकू नये म्हणून आपणच बसपुढे घुसलो आणि थांबलो, बसवाल्याची काही चूक नाही, असं त्याने स्वतः लिहिलं होतं. तारीख आठ मार्च. साहेबांनी ती मोठ्याने वाचली. दोनदा. मग विचारलं, सोळा दिवस हे कुठे होतं? मी म्हटलं, विचाराधीन.

मामा त्याच क्षणी निर्दोष. उद्यापासून परत सात नंबरवर.

मग माझी पाळी. मी शांतपणे बाजू मांडली. दहा मिनिटं कोणी अडवलं नाही. फक्त बाईंचं पेन मधून मधून हलत होतं. संपल्यावर त्यांनी फॉर्म साहेबांपुढे सरकवला. पाचही चौकोनांत टिक. साहेबांनी विचारलं, खालची ओळ वाचून दाखवू का? नको म्हटलं. मला पाठ आहे.

मामाने मला एकच प्रश्न विचारला. इतक्या जवळ जाऊन साहेब वाचत काय होते?

मी म्हटलं, मजकूर. तो म्हणाला, मजकूर तर साहेबांचाच, पाठ असणार. मग? मॅनेजरसाहेब बघत होते, बाई बघत होत्या. मी सांगितलं. नाव. माझं नाव नीट आलंय का ते.

मामाने विचारलं, आलं होतं का?

नव्हतं. जागा संपली म्हणून पेंटरने लिहिलंच नव्हतं.

कोणी हसलं नाही. हसायला हवं होतं.

२५ मार्च, मंगळवार

शिक्षा माझ्याच नियमाने. आठवडाभर बसच्या शेवटच्या सीटवरून मागची वाहतूक पाहायची, ऑफिसचं वाहन चालवायचं नाही, पंधरा दिवस जॅकेट. मामाने आणून दिलं. धुऊन, इस्त्री करून, घडी घालून. म्हणाला, सुनेने केलं. म्हणजे घरी कळलं होतं.

लाज वाटली.

(वरचं वाक्य उद्या खोडणे.)

जॅकेटची चेन पोटावर लागत नाही. एकच साइझ शिवणारा शिंपी मूर्ख आहे.

३१ मार्च, सोमवार. रात्री ८

मामाचा शेवटचा दिवस. मी शेवटच्या सीटवर. सूचना अजून बसच्या पाठीवरच, पुसायला पेंटर उद्या येणार. दिवसभर मागचे लोक डोळे बारीक करून, माना पुढे काढून ती वाचत जवळ जवळ येत होते. मी काचेतून दोन्ही हातांनी मागे सरा, मागे सरा अशा खुणा करत होतो. एका स्कूटरवरच्या बाईंनी उलट हात हलवून निरोप घेतला.

पुढे मामाच्या अंतरात चौदा गाड्या घुसल्या. मी मोजल्या. प्रत्येक वेळी त्याने शिव्या न देता ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि नवीन अंतर सोडलं. एकूण उशीर सहा मिनिटं. मेमोचं पॅड काढायला खिशात हात घातला. पॅड गेल्या मंगळवारीच जमा केलंय.

डेपोत आल्यावर सगळे टाळ्या वाजवत उभे होते. मामाने किल्ली दिली, स्टिअरिंग रुमालाने पुसलं आणि खाली उतरायच्या आधी मागे माझ्यापर्यंत चालत आला. मला वाटलं, आता बोलणार. त्याने विचारलं, पाठ दुखली का? मागच्या सीटला धक्के फार बसतात.

गेल्या मंगळवारचं ते वाक्य अजून खोडलेलं नाही. राहू दे.

बायको न्यायला आली होती. तीच चालवत होती. पुढची मोटार मला फार जवळ वाटली. तिला म्हटलं, जरा अंतर. ती म्हणाली, आहे की तीन सेकंद, मोज. मी मोजले. होते. तरी माझा उजवा पाय दाबला गेला.

भोकात बरोबर बसतो.