बिनजाहिरातीचं ॲप

४ जुलै
शाळेला टॅब मिळाले. वाचनासाठी फुकट ॲप निवडायचं काम मोठ्या बाईंनी माझ्या गळ्यात घातलं. दुसऱ्या कुणीही हात वर केला नाही. म्हणजे या विषयातला माझा अधिकार सर्वमान्य आहे. संकल्प : रोज एक ॲप. शास्त्रशुद्ध तपासणी.

५ जुलै
नोंदणी केली. पासवर्ड विसरलो. तपासणी उद्यापासून.

९ जुलै
मधले दिवस डोकं दुखत होतं. आज तीन ॲप एकदम. एकात सारखी साबणाची जाहिरात. दुसरं पहिल्या धड्यापुरतंच फुकट. तिसऱ्यात फुगे फोडायचे. त्याची शैक्षणिक बाजू संध्याकाळपर्यंत शोधली. जेवायला येताय की फुगेच खाणार, असं हिने विचारलं. संशोधन म्हणजे काय ते हिला सांगून उपयोग नाही.

१२ जुलै
सापडलं! जाहिरात नाही, पैसे नाहीत. वर चित्र, खाली चार शब्द. बरोबर शब्दावर बोट ठेवलं की तारा. चिमणीला दिलं. ही माझ्या तिसरीतली, 'कमळ'सुद्धा अडखळत वाचणारी. आज सगळे तारे तिचे! गणिताचे सर म्हणाले, ती चारही शब्दांवर ओळीने बोट ठेवत जाते, एक तरी लागणारच. मत्सर, दुसरं काय.

१८ जुलै
वर्गात पुस्तकातून वाचून घेणं बंद केलं. घशाला आराम. पालकसभेत चिमणीलाच उभं करणार.

२१ जुलै
सभा. अहवाल मी झकास वाचला. चिमणीने तारे मिळवून दाखवले, टाळ्या झाल्या. तिची आई दुकानातून अर्धी रजा टाकून आलेली. तिने पिशवीतून गोष्टीचं पुस्तक काढलं. म्हणाली, बाळा, आता यातलं मला एक वाक्य वाचून दाखव. चिमणीने पहिल्या शब्दावर बोट दाबलं. थांबली. मग दुसऱ्यावर. मग तिसऱ्यावर. मग माझ्याकडे बघितलं.
आईने पुस्तक हळूच मिटलं. मला काही विचारलं असतं तर उत्तर तयार होतं.

२२ जुलै
टॅब कपाटात गेले. शाळा सुटल्यावर रोज चिमणीला घेऊन बसा, असं मोठ्या बाईंनी सांगितलं. मी सुचवणारच होतो. आज 'कप' आणि 'बस' झाले. 'बदक'पाशी दोघंही दमलो. तिने विचारलं, सर, घरी कधी जायचं?
मला तरी कुठे माहीत होतं. म्हटलं, बदक झालं की.