अक्काचे अकरा दिवस

लातूर,
मंगळवार

प्रिय अक्का,

येळवसेच्या सणाला तुमच्या शेतातून मी न सांगता निघून आलो, त्याचा तुला राग आला असेल. कडब्याच्या खोपीसमोर पंगत बसली होती, तू माझ्या ताटात भज्जी वाढायला वळलीस आणि तोवर मी बांधावरून रस्त्याला लागलो होतो. दाजींनी मागून हाक मारली, "राजशेखर, आंबील तरी पिऊन जावा!" ती मी ऐकली. ऐकूनही मागं बघितलं नाही. देगलूरच्या स्टँडवर उदगीरची गाडी लागलेलीच होती, तिच्यात बसलो. त्याला आता चार दिवस झाले. तू तीनदा फोन केलास आणि मी तिन्ही वेळा शूटिंगला आहे म्हणून सांगितलं. शूटिंग कसलं? स्टुडिओत बसून कुणाच्या तरी लग्नाचा अल्बम लावायलोय. तेही होत नाही. शटर उघडतो, गंजगोलाईला एक फेरा मारून येतो, नवरदेवाचे दोन फोटो लावतो, परत उठतो. एका जागी बसवतच नाही.

प्रत्येक राखीला तू विचारतेस, "सिनेमाचं काय झालं रे राजू?" आणि मी दरवेळी म्हणतो, चाललंय. आज सगळंच सांगतो. चार वर्षांपूर्वी नांदेडच्या लघुपट महोत्सवात मला बक्षीस मिळालं, तिथं सत्यम भेटला. नांदेडचाच, पण मुंबईत शूटिंगच्या जागा शोधून द्यायचं काम करतो. माझी स्क्रिप्ट त्यानं हातातसुद्धा घेतली नाही. म्हणाला, "कागद कोण वाचत न्हाई भाऊ. आधी माणसं जोड." मग मी माणसं जोडत सुटलो. माझ्या फोनमध्ये नावं कशी आहेत बघ: 'पुणे कॅमेरा', 'गोरेगाव दाढी', 'फोन उचलत नाही पण मेसेज बघतो'. या सगळ्यांचे वाढदिवस मला पाठ आहेत. तुझा मात्र दोनदा विसरलो. कंधारचा भुजंग, तो मालिकांमध्ये इन्स्पेक्टर होतो बघ, त्याच्या मुलीच्या बारशाचं शूटिंग मी दोन दिवस राबून करून दिलं, कारण तो एका निर्मात्याला ओळखत होता. त्या निर्मात्याची गाठ पडेना. शेवटी त्याचे वडील वारले तेव्हा मी त्यांच्या तेराव्याला गेलो. कधी न बघितलेल्या माणसाच्या फोटोला हार घातला, डोळे मिटून उभा राहिलो. निर्मात्यानं विचारलं, "बाबांना तुम्ही कसे ओळखायचात?" मी म्हणालो, "त्यांचं मार्गदर्शन लाभलं." त्यानं माझा हात हातात घेतला. अक्का, परतीच्या गाडीत माझी मलाच किळस आली होती. तरीही आठ दिवसांनी मी त्याला मेसेज केला. उत्तर आलं नाही.

सिनेमा कशावर आहे, हे तू कधी विचारलं नाहीस. एका बाईची गोष्ट आहे एवढंच मी सांगायचो आणि तू हसून म्हणायचीस, बायकांचं तुला काय कळतं. आता लिहितोच. आपली अव्वा गेली त्या वर्षी उन्हाळ्यात आपण दोघं उदगीरच्या गच्चीवर पापड राखत बसलो होतो. आपल्या भांड्यांच्या दुकानातून अप्पांचा आवाज वरपर्यंत येत होता. तेव्हा तू मला तुझ्या अकरा दिवसांचं सांगितलंस. तुझी अक्षरा चौदा महिन्यांची होती. दवाखान्यात जाऊन येते म्हणून तिला तू तिच्या आजीच्या, आत्याबाईंच्या मांडीवर ठेवलंस आणि हैदराबादच्या गाडीत बसलीस. नर्सिंगला तुझा नंबर लागला होता आणि अप्पांनी तुझं लग्न लावून दिलं, ते तुझ्या मनातून गेलं नव्हतं. तिथं एका लहानशा दवाखान्यात तू अकरा दिवस आयाचं काम केलंस, फरशी पुसलीस, बाळंतिणींचे कपडे धुतलेस. बाराव्या दिवशी परत आलीस. दाजी स्टँडवर उभे होते, त्यांनी काही विचारलं नाही. महानंदाला कावीळ झाली होती, लातूरला भरती केलं होतं, असं सगळ्यांना सांगून त्यांनी ते प्रकरण तिथंच मिटवलं. अप्पा गेले, आत्याबाई गेल्या. मग हे ठाऊक असलेले आपण दोघं आणि दाजीच उरलो. दाजींनाही तू कुठं होतीस ते नीट माहीत नाही.

त्या दुपारी तू एक वाक्य बोलली होतीस. "राजू, तिथं मला कोणी ओळखत न्हवतं आणि मला लई बरं वाटायलं होतं. त्याचंच मला भ्या वाटलं." ते वाक्य माझ्या डोक्यातून निघेना. मी ते लिहून ठेवलं. मग त्याच्या मागचं लिहिलं, पुढचं लिहिलं. नव्वद पानं झाली. मी स्वतःला समजावलं की नाव बदललंय, गाव बदललंय, कुणाला काय कळणार आहे.

सुरुवातीला मी सगळीकडं 'एक बाई' असंच म्हणायचो. ऐकणारे मान डोलवायचे आणि टेबलाखाली फोन बघायचे. भुजंगनंच मला शिकवलं. म्हणाला, "अरे, खरं घडलंय ना हे? मग तसं सांग की. कुणाचं हाय ते सांग. लोक मान वर करतात." मी त्याला नाही म्हणालो. नोव्हेंबरात गोव्याला सिनेमावाल्यांचा मेळा होता. तिथं माझी गोष्ट निवडली गेली. एका मोठ्या हॉलात टेबलं मांडलेली, प्रत्येक टेबलावर एक निर्माता, गोष्ट सांगायला पंधरा मिनिटं, घंटा वाजली की पुढच्या टेबलाला. सहा टेबलांवर 'एक बाई' सांगितली. सहाही ठिकाणी चहा प्यायले, कार्ड दिलं, बघू म्हणाले. सातव्या टेबलावर पुण्याच्या तनुजा मॅडम होत्या. त्यांनी दोन चांगले सिनेमे काढले आहेत. त्याही घड्याळ बघायला लागल्या आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मॅडम, ही माझ्या सख्ख्या बहिणीची गोष्ट आहे." त्यांनी पेन खाली ठेवलं. मग मी सगळंच सांगितलं. कावीळ, स्टँड, दाजी. तुझं ते वाक्यसुद्धा तुझ्याच आवाजात म्हणून दाखवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. अक्का, त्यांच्या डोळ्यांत पाणी बघून मला आनंद झाला. हे तुझ्यापासून लपवलं तर या पत्राला काही अर्थ राहणार नाही. घंटा वाजली तरी त्यांनी मला उठू दिलं नाही. पुढच्या टेबलांवर मग मी सुरुवातच तुझ्यापासून केली. दर टेबलाला मला ते जास्त चांगलं सांगता येत होतं. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, ते कळायला लागलं होतं.

पंधरा दिवसांत मॅडमचा फोन आला. त्या सिनेमा करणार म्हणाल्या. चार वर्षं ज्याच्यासाठी धावत होतो ते वाक्य ऐकलं आणि मी स्टुडिओतल्या स्टुलावरून उठून उगाच पंखा बंद केला, चालू केला. नंतर त्यांच्या वकिलांनी एक कागद पाठवला. ज्यांच्या आयुष्यावर गोष्ट आहे त्यांची संमती, खाली सही. सही तुझी. तो कागद माझ्या बॅगेत आठ दिवस होता. एके दुपारी मी एका जुन्या पावतीमागं तुझी सही करून बघितली. महानंदाचा 'म' तू खालून वर नेतेस ना, तो मला तिसऱ्या वेळी जमला. जमला तसा घाबरलो आणि पावती फाडून टाकली. म्हटलं, येळवसेला जातोच आहे, समोर बसून तुला विचारीन. म्हणून आलो होतो. तू सकाळपासून खोपीपाशी हसत होतीस, बायकांची चेष्टा करत होतीस, मला म्हणालीस, "वाळलास रे, मुंबईवाले जेवू घालत न्हाईत का?" आणि मला बॅगेला हात लावता आला नाही.

शनिवारी मी तनुजा मॅडमना फोन करून सांगितलं की बहिणीला यातलं काहीच माहीत नाही, मी खोटेपणा केला, सिनेमा थांबवा. त्या म्हणाल्या, "हे तुम्ही मला गोव्यात सांगायला हवं होतं." संक्रांतीपर्यंत त्या थांबतील, पुढचं त्यांनी काही कबूल केलं नाही. सत्यमला कळलं तेव्हा त्यानं मला शिव्या दिल्या. अशी ओळख परत होत न्हाई म्हणाला. त्याचं खरं असेल. कागद मी या पत्रात घातलेला नाही. तुझी सही मागायला मी हे लिहीत नाही आणि माफी मागायलाही नाही. ती फोनवर मागितली असती, तू दिलीही असतीस.

जेवणाआधी अक्षरा मला विहिरीकडं घेऊन गेली होती. तुला वाटलं असेल मामा-भाची गप्पा मारायला गेले. गोव्याच्या त्या मेळ्यानंतर त्यांनी इंटरनेटवर एक पान टाकलंय. त्यात माझा फोटो आहे, गोष्ट चार ओळींत दिली आहे आणि खाली लिहिलंय, दिग्दर्शकाच्या बहिणीच्या आयुष्यावर. मला बहीण एकच आहे, अक्का. तिनं ते पान नांदेडला, होस्टेलवर वाचलं, महिन्यापूर्वी. तेव्हापासून ती तुझ्याशी रोज फोनवर बोलते, सुट्टीला येऊन तुझ्याशेजारी झोपते आणि तुला कळू देत नाही. मला म्हणाली, "मामा, मला माहीत झालंय हे आईला सांगू नका. ती माझ्याकडं बघायला भिईल." वीस वर्षं तू तिच्यापासून जे झाकलंस तेच ती आता तुझ्यापासून झाकत बसलीय, एकाच घरात, माझ्यामुळं. म्हणून तिचा शब्द मी मोडतोय आणि हे पत्र तुझ्या शिलाईच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवतोय. ती रविवारी नांदेडला परत जाईल, त्याआधी तिच्याशी बोल. मला तिनं एकच विचारलं होतं. ती बाई परत आली, त्याचा तिला नंतर कधी पस्तावा झाला का? मी नव्वद पानं लिहिली, चाळीस अनोळखी माणसांना तुझी गोष्ट सांगितली, पण तिला काय उत्तर द्यावं ते मला कळेना. मी तुला ते कधी विचारलंच नव्हतं. तिथून मी खोपीकडं आलो, तू हसत माझ्या ताटाकडं वळलीस आणि मला तिथं बसवेना.

तुझाच,
राजू