मॅनिफोल्डवर ताडपत्री

सोमवार, १३ मे १९९१. कागुआस.
काम सुरू. रोटरी इंजिनाला हवा हवी. कार्ब्युरेटरपासून इंजिनापर्यंतची वाट, म्हणजे मॅनिफोल्ड, जितका आतून रुंद तितकी हवा जास्त. साधं गणित. अख्ख्या पोर्तो रिकोत हे कुणाला सुचू नये म्हणजे कमाल आहे. रविवारी सालिनासच्या ट्रॅकवर गॅरेजवाल्या हेरिबेर्तोशी शर्यत. हरणाऱ्याने आपल्या गाडीच्या काचेवरचं नाव खरवडायचं. आमच्या काचेवर बारा वर्षं 'एफ्राइन आणि एलिउद' आहे. एलिउद म्हणजे माझा मेहुणा आणि गाडीतला भागीदार. त्याला अजून काही सांगितलेलं नाही. गुप्तता.

मंगळवार, सकाळी ९.
पोर्चला ताडपत्री लावली. मी ग्राइंडर चालू केला की शेजारच्या डोन्या प्रोवी नेमक्या तुरीच्या शेंगा सोलायला बाहेर बसतात. इतकी तूर खातं कोण? त्यांचा भाचा हेरिबेर्तोच्याच गल्लीत राहतो.

मंगळवार, संध्याकाळी.
आतून घासूनपुसून आरसा केला. आत माझाच चेहरा दिसतो. चांगला दिसतो.

बुधवार.
एलिउद आला. ताडपत्री उचलून म्हणतो, "दाजी, भोक केवढं केलंत?" नेमकं मापच कशाला हवंय याला? पुरेसं, म्हटलं. तर म्हणे, "फार रुंद केलंत तर हवा रेंगाळेल, पेट्रोल भिंतीला चिकटेल. सुटतानाच गाडी गचके खाईल." मला घाबरवायचा डाव. वाटेला लावला. बायको मिगदालिया भडकली, "माझ्या भावाला दारातून हाकलतोस?" बहीण भावाचीच बाजू घेणार.

गुरुवार.
आणखी दोन मिलिमीटर कोरले. इंजिन लावून पाहिलं. जरा खोकतंय. सकाळचा गारवा असेल. (तापमान एकतीस.)

शुक्रवार, दुपारी.
पुरावा मिळाला! एलिउदला हेरिबेर्तोच्या गॅरेजमधून बाहेर पडताना या डोळ्यांनी पाहिलं. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी जड. फितुरीचं बक्षीस, दुसरं काय! घरी येऊन ब्लेडने काचेवरचं 'आणि एलिउद' खरवडलं. अर्धा तास लागला. ब्लेड बोथट आहे.

रविवार.
हिरवा दिवा लागला. हेरिबेर्तो गेला. मी जागच्या जागी गचके खात राहिलो. शेवटच्या रेषेशी पोचलो तेव्हा तो उतरून गरमागरम तळलेल्या आल्कापुरिया खात होता. आमच्या पेट्रोलमध्ये कुणीतरी पाणी घातलं असणार.

एलिउद आला. आधी काच पाहिली. बराच वेळ पाहिली. मग डिकीतून वर्तमानपत्राचं पुडकं काढून माझ्या हातात दिलं. आत मॅनिफोल्ड. कंपनीचा, जुना, कुणी हात न लावलेला. माझ्यासाठी हेरिबेर्तोकडे मागायला गेला होता.

"त्याने लगेच दिला, दाजी. म्हणाला, गचके खाणाऱ्याला हरवण्यात काय मजा? शनिवारी द्यायला आलो होतो. ताडपत्रीआडून तुम्हीच ओरडलात, एफ्राइन घरी नाही म्हणून."

हो. ओरडलो होतो.

सोमवार, २० मे.
जुना मॅनिफोल्ड बसवला. पहिल्या फटक्यात सुरू, एकही गचका नाही. पैजेप्रमाणे उरलेलं 'एफ्राइन'ही खरवडलं. काच आता कोरी आहे. ताडपत्री काढली.

एलिउदला फोन केला. म्हटलं, ये, गाडी झकास पळतेय, एक चक्कर मारू. म्हणाला, "आज नको. काम आहे."

कुणाकडे, ते विचारायला जीभ रेटली नाही.